गोपाळकृष्णांची आगनळी

मुकुल दुपारी पुण्याला परत निघणार होता आणि जाताना बाबांची आगनळी नेणार होता, म्हणून कुसुमताई सकाळीच ती साफ करायला बसल्या. शिंगाची वीतभर नळी, आत घट्ट बसणारा दट्ट्या. दट्ट्याच्या टोकाला जळका कापूस लावून तो फटकन दाबला, की कोंडलेली हवा तापून कापूस धुमसतो. मुकुलचे बाबा, गोपाळकृष्ण, बोटीवर नोकरीला असताना मलेशियातून ती घेऊन आले होते. त्यांची समई शेवटपर्यंत तिच्यावरच लागली.

"इथल्या दमट हवेत कुजेल, आई. तिकडे काचेच्या कपाटात राहील."

"ने हो," कुसुमताई म्हणाल्या. त्यांना ती मुळीच द्यायची नव्हती. नळीतली काजळी त्यांनी काडीला चिंधी गुंडाळून पुसली, दट्ट्याला नवा दोरा गुंडाळला. दोऱ्याला मात्र टाचांच्या भेगांचं कोकमाचं तेल चोपडलं, दट्ट्या तळाशी दाबला आणि नळी पेटत्या समईला टेकवून ठेवली.

घावणे खाताना देवघरातून आवाज आला. टक्.

दट्ट्या वर आला होता. मुकुलने तो दाबला. आतून कुणी अंगठ्याने ढकलावा तसा तो सावकाश वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा आला.

"नको म्हणताना बाबा असेच हळूच मान वर करायचे," त्याची बायको भार्गवी म्हणाली. "मुकुल, आपल्या फ्लॅटमध्ये नको हं हे."

"डब्यात घालून देऊ ना रे?" कुसुमताईंनी विचारलं.

"राहू दे. इथेच बरी."

गाडी वळणापलीकडे गेल्यावर कुसुमताई पोटभर हसल्या. थिजलेलं तेल उबेने सुटलं, की कोंडलेली हवा दट्ट्या वर ढकलणारच. लग्नानंतर एकदा नकळत त्यांनी हेच तेल लावलं होतं आणि घाबरून शेजारी जाऊन बसल्या होत्या. "व्हॅसलीनच लावायचं, कुसुम," गोपाळकृष्णांनी तेव्हा बजावलं होतं.

आता त्यांनी तेल पुसून व्हॅसलीन लावलं, नवा कापूस बसवला. नळी कपाटात ठेवली आणि दट्ट्या खालच्या खणात. समई शांत झाली होती. त्यांनी कपभर चहा टाकला.

टक्.

कुसुमताई देवघराच्या दारात थांबल्या. नळी देवापुढे उभी होती. दट्ट्या शेजारी आडवा, आणि त्याच्या टोकावर कापूस लालभडक धुमसत होता.



"व्हॅसलीनच लावलंय हो," त्या हळूच म्हणाल्या आणि आधणात आणखी कपभर पाणी घालायला वळल्या.