खोली खाली आहे

आमच्या कोर्टात मराठीतून खटला चालवणारा पहिला वकील मीच असेन, असं मी दादरच्या सभेत भर व्यासपीठावरून सांगून टाकलं. साल सत्तावन्न. त्या दिवसांत 'झालाच पाहिजे' म्हटलं की टाळ्या मिळायच्याच. मी पुढे जोडलं, "पक्षकाराला ज्या भाषेत रडू येतं, त्याच भाषेत त्याला न्याय मिळाला पाहिजे!" सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या चिंतामणी दाभोळकरने. हा माझा कॉलेजातला मित्र आणि घरमालकांचा ठरलेला वकील. बावीस वर्षं नुसत्या तारखा घेऊन थकलेल्या माझ्यासारख्या माणसाला टाळ्या ऐकून भलतीच तरतरी येते.

पुढच्याच सोमवारी भिवा परबवरचा दावा बोर्डावर आला. भिवा गिरणीत कायम रातपाळीला. लालबागच्या चाळीत तळमजल्यावर बिऱ्हाड. मोर्चात लाठी खाऊन कपाळावर खूण मिरवणारा गडी. घरमालकाचं म्हणणं, भिवा गावाला निघून गेला आणि खोली सहा महिने बंद आहे. कायद्याप्रमाणे तसं ठरलं, की खोली घरमालकाची. मग भिवा, बायको आणि चार पोरं रस्त्यावर. आमच्याकडे साक्षीदार एकच, वरच्या माळ्यावरच्या जाईबाई. समोर वकील अर्थातच चिंतामणी.

न्यायाधीशांना मराठी येत होतं ते भाजी घेण्यापुरतं. म्हणून साक्ष इंग्रजीत करून सांगायला हेरंबराव दुभाषी. मी कोट सावरला आणि खणखणीत मराठीत विचारलं, "सदर खोलीत प्रतिवादींचं वास्तव्य अखंडित आहे काय?"

जाईबाई हेरंबरावांकडे वळल्या. "माका इंग्रजी येना नाय. ह्येंका मराठीत विचारूक सांगा."

मागच्या बाकांवर हशा पिकला. मी साध्या भाषेवर आलो.

"भिवाची खोली माहीत आहे ना? साहेबांना सांगा."

"म्हायत नाय तर काय! खाली आसा."

हेरंबराव तीस वर्षं भाड्याच्या दाव्यांत 'खोली खाली कर' आणि 'खोली खाली केली नाही' एवढंच ऐकत आलेले. त्यांनी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "द रूम इज व्हेकंट." म्हणजे रिकामी. न्यायाधीशांनी लिहून घेतलं.

"अहो, खाली म्हणजे तळमजल्यावर!" मी ओरडलो.

"साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालू नका," न्यायाधीश म्हणाले. चिंतामणी गंभीरपणे मान डोलावत होता. खाली म्हणजे काय, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक. तो स्वतः गिरगावात वर्षानुवर्षं खालच्या मजल्यावर राहतो.

"बरं, दिवसा तिथे काय परिस्थिती असते?" मी सावधपणे विचारलं.

"दिवसभर पडान असता."

आता मालवणीत तो पडून असला काय आणि ती पडून असली काय, क्रियापद एकच. जाईबाईंच्या डोळ्यांसमोर रातपाळी करून झोपलेला भिवा, हेरंबरावांच्या डोळ्यांसमोर खोली. "दिवसभर खोली नुसती पडून असते," त्यांनी इंग्रजीत सांगितलं.

"आणि रात्री?" हा प्रश्न मी का विचारला, देव जाणे.

"राती तर नसताच."

"रात्री तर तिथे कोणीच नसतं," हेरंबरावांचं इंग्रजी.

बाकावर बसलेल्या भिवाचा चेहरा उतरला. त्याची बायको पदर तोंडाशी धरून माझ्याकडे बघत होती. मला स्वतःची लाज वाटली. सभा विसरलो, टाळ्या विसरलो आणि सरळ इंग्रजीत सुरू झालो. तळमजला, रातपाळी, मालवणी क्रियापद, रेशनकार्ड, काही सोडलं नाही. अर्धा तास बोललो. शेवटी न्यायाधीशांनी दुभाष्याला बाजूला ठेवून आपल्या भाजीच्या मराठीत जाईबाईंना विचारलं, "तुम्ही कुठे राहता?"

"वर."

"आणि भिवा?"

"कितके वेळा सांगू? खाली!"

त्यांनी आधीच्या ओळी खोडल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर घरमालकाचा दावा फेटाळला. जाताना चिंतामणी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय रे, इंग्रजी छान बोलतोस."

बाहेर व्हरांड्यात भिवाने माझे हात धरले. "सायेब, आधीच असा बोलूचा नाय? माका वाटला, तुमका इंग्रजी येना नाय. माजी घरकारीन सांगत होती, वकील बदला."

मला जरा लागलं. "अरे भिवा, आपण मराठीसाठीच भांडतोय ना? तू तर लाठी खाल्लीस."

"खाल्लंय. अजून खायन," भिवा म्हणाला. "मुंबय आपली होऊकच व्हयी. पण खोली गेली तर त्या मुंबयत मी ऱ्हवतलंय खंय?"

 पुढच्या दाव्याचे कागद मी मुकाट्याने इंग्रजीत दाखल केले. सभेत मात्र अजूनही मराठीतच बोलतो. तिथे कोणाची खोली जात नाही.