चार एकरांचा तुलनात्मक तक्ता

गवत कापायला माणसं लावायची नाहीत, मशीन घ्यायची, हा निर्णय मी एका रविवारी सकाळी दाढी करता करता घेतला. तसा लहानसाच निर्णय. पण अर्धी दाढी झालेला माणूस आरशात स्वतःकडे जरा जास्तच गंभीरपणे बघतो, आणि अशा वेळी ठरवलेलं मागे घेववत नाही.

गवत तसं माझं नव्हतं. जबलपूरजवळच्या पाटनच्या अलीकडे माझ्या सासऱ्यांची दहा एकर जमीन होती. त्यांनी हयातीतच वाटणी केली. सहा एकर मुलाला, म्हणजे भय्यासाहेबांना, आणि चार एकर मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला, वसुधाला. वसुधाच्या वाट्यात सासऱ्यांच्या हातचं आवळ्याचं झाड आहे. आम्ही स्वतः राहतो जबलपुरात, विजय नगरला, दुसऱ्या मजल्यावर. तिथे आमच्या मालकीची हिरवळ म्हणजे दोन कुंड्यांतली कोथिंबीर. (त्यातली एक कुंडी शेजाऱ्यांची आहे असं शेजारी म्हणतात.)

यंदा वसुधानं तिच्या महिला मंडळाचं आवळी भोजन शेतावर ठेवलं. कार्तिकातल्या नवमीला आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवायचं, एवढीच ती गोष्ट. पण माणसं येणार होती साठ. अकरा वर्षं ती दुसऱ्यांच्या आवळ्याखाली जेवत आली होती, आणि दर वर्षी घरी परतताना म्हणायची, "एकदा सगळ्यांना बाबांच्या आवळ्याखाली बसवीन." या वर्षी तिनं मंडळात तसं सांगूनच टाकलं. आणि सांगून घरी आल्यावर आम्हाला आठवलं की त्या चार एकरांत पावसाळाभर कोणी पाऊलही टाकलेलं नाही. चहूकडून तारेचं कुंपण, आत गुरं नाहीत, माणसं नाहीत. गवत माझ्या डोक्यापर्यंत आलं होतं.

"तुळशीरामला फोन करा," वसुधा म्हणाली. तुळशीराम म्हणजे शेजारचा शेतकरी. "त्याची बायको इंदिरा बाया घेऊन येते. विळ्यानं कापून देतात."

"विळ्यानं?" मी म्हणालो. "लोक आता खुर्चीवर बसून गवत कापून राहिले अन् तू विळ्याच्या गोष्टी करून राहिली."

"कोण लोक?"

मी तिला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. एक गोरा आजोबा लाल रंगाच्या छोट्या ट्रॅक्टरसारख्या गाडीवर बसून, एका हातात शरबताचा पेला धरून, मैदानच्या मैदान गुळगुळीत करत चालला होता. त्या गाडीला राइडिंग मोवर म्हणतात. वसुधानं व्हिडिओ पूर्ण बघितला. "त्याचं गवत आधीच कापलेलं आहे," ती म्हणाली. मी मोबाइल परत घेतला.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. मी, रत्नाकर, एका सरकारी दफ्तरात चौतीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस खरेदी शाखेत. शेवटची सहा वर्षं मी तिथला बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून होतो. पंख्यापासून पिनांपर्यंत कोणतीही वस्तू माझ्या तुलनात्मक तक्त्याशिवाय त्या इमारतीत शिरलेली नाही. (एकदा तक्ता पूर्ण व्हायला इतका वेळ लागला की कूलर जानेवारीत आले. पण तक्ता निर्दोष होता.) तेव्हा मोवर निवडायची तर ती माझ्याच हातून निवडली जावी, यात मला देवाची योजना दिसली.

तीन कंपन्या, चौदा रकाने. पात्याच्या डेकची रुंदी, इंजिनची ताकद, गिअर की पेडल, वळायला किती जागा लागते, सीटला पाठ आहे की नाही, हेडलाइट, कप ठेवायची जागा. पंधरा दिवस मी त्या तक्त्यात राहत होतो. तक्ता पूर्ण झाला तेव्हा तो मी वसुधाला वाचून दाखवला. ती मेथी निवडत होती.

"छान आहे," ती म्हणाली. "यात गवताची उंची कुठे आहे?"

"हा मशीनचा तक्ता आहे. उंची ही गवताची बाब आहे." (असं उत्तर लिहून मी कितीतरी फायली परत पाठवल्या आहेत.)

शोरूममध्ये गौरांग नावाचा तरुण सेल्समन होता. त्यानं आधी मला हातानं ढकलायची छोटी मशीन दाखवायला सुरुवात केली. मी त्याला थांबवलं.

"सर, लॉन कितना बड़ा है?"

"चार एकड़."

गौरांगनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तो एकदम सरळ उभा राहिला. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कोणी असं उभं राहिलं नव्हतं. "सर, रिसॉर्ट है क्या?"

"नहीं भैया. घर का है."

त्यानं चहा मागवला. मग वही काढून विचारलं, "घास कैसी है, सर?"

"अच्छी है."

"मतलब, कारपेट वाली या देसी?"

"एकदम देसी," मी अभिमानानं म्हणालो. "बिना खाद की."

त्यानं लिहून घेतलं. बिचाऱ्यानं विचारायचं ते विचारलं होतं. उत्तर देणारा मी होतो.

धनत्रयोदशीला मशीन आली. लाल. मी तिला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि टेम्पोतून थेट शेतावर पाठवली. भाऊबीज झाल्यावर वसुधा घरी मंडळाच्या बायांसोबत भोजनाच्या तयारीला लागली आणि मी चार दिवसांचे कपडे घेऊन शेतावरच्या दोन खोल्यांत मुक्कामाला गेलो. "एकटेच करणार?" तिनं विचारलं. "मशीन आहे ना," मी म्हणालो.

पहिल्या सकाळी मी टोपी घातली, फाटक उघडलं आणि मशीन घेऊन गवतात शिरलो. दहा हात गेलो असेन. चारी बाजूंनी गवत, वर थोडंसं आकाश. मग पात्यांनी आधी घरघर केली, नंतर खोकल्यासारखा आवाज काढला आणि ती गप्प झाली. मी गौरांगला फोन लावला.

"सर, घास कितनी ऊंची है?"

"मैं बैठा हूं तो दिख नहीं रहा हूं."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "सर," तो शेवटी म्हणाला, "वो घुटने के नीचे वाली घास के लिए है."

दुसरा कोणी असता तर तिथेच तुळशीरामला फोन केला असता. पण माझी मशीन नुकतीच हार घालून आली होती. अडकलेलं गवत काढायला अर्धा दिवस गेला. मग मी विचार केला, चार एकर म्हणजे काही थोडी जागा नाही. सगळीकडे गवत सारखंच कसं असेल? मी मशीन बाहेर काढून, पाती बंद ठेवून, कुंपणाच्या कडेकडेनं फिरवत निघालो. आणि खरंच, एका जागी कुंपणाची तार आडवी पडलेली होती, आणि तिच्या पलीकडे गवत बरोबर गुडघ्याच्या खाली. मोकळं, सपाट मैदान. देवानं तक्ता वाचला होता.

मी पेडल दाबलं.

पुढचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वात सुंदर दिवस होते, हे मी वसुधाच्या तोंडावरही सांगतो. (लग्नाचा दिवस धरला तर तीन होतात.) मशीन लोण्यातून सुरी जावी तशी चालत होती. मागे सरळ पट्टे पडत होते, एक फिका, एक गडद. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कागदावर सरळ रेघा मारल्या. इथे पहिल्यांदा जमिनीवर मारत होतो. थोड्याच अंतरावर भय्यासाहेबांचं घर. ते अंगणात खुर्ची टाकून बघत बसायचे. कधी हात हलवायचे. दुसऱ्या दिवशी तर गडी पाठवून मला लिंबाचं शरबत दिलं. कापलेलं गवत तो गडी गोळा करून घेऊन जायचा. मला बरं वाटलं. साला असावा तर असा.

मी वसुधाला फोटो पाठवले. तिचा फोन आला.

"मस्तच दिसून राहिलं," ती म्हणाली. मला तिच्या आवाजातलं आश्चर्य ऐकू आलं आणि मी सीटवर जरा ताठ बसलो. "पण आवळा काहून नाही दिसत?"

"मागच्या बाजूला आहे."

"कशाच्या मागे?"

"रेंज नाही इथे," मी म्हणालो.

अष्टमीला सकाळी, म्हणजे भोजनाच्या आदल्या दिवशी, वसुधा मंडळाच्या सेक्रेटरी मनीषाताईंना घेऊन जागा बघायला आली. मी दोघींना मानानं माझ्या मैदानावर नेलं. मनीषाताईंनी चपला काढल्या आणि अनवाणी चालून पाहिलं. "वसुधा, हे तर एखाद्या हॉटेलसारखं केलं तुझ्या मिस्टरांनी."

 वसुधा मैदानाकडे बघत होती, मग आडव्या पडलेल्या तारेकडे, मग तारेच्या पलीकडे उभ्या असलेल्या गवताच्या भिंतीकडे. त्या भिंतीच्या वर, लांब, आवळ्याचा शेंडा दिसत होता.

"हे भय्याचं आहे," ती म्हणाली.

"काय भय्याचं आहे?"

"हे सगळं. भय्याच्या गाई चरतात इथे. आपलं ते आहे." तिनं भिंतीकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात भय्यासाहेब स्वतः चालत आले. मी त्यांना विचारलं, "तुम्ही दोन दिवस बघून राहिले होते. बोलले काहून नाही?"

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम करून राहिले," भय्यासाहेब शांतपणे म्हणाले. "भाऊबीजेला ओवाळणी मी टाकली. म्हटलं, जावयांनी उलट भेट दिली असेल. आपण कशाला नाही म्हणायचं?" मग जरा थांबून म्हणाले, "गाई खूश आहेत. कापलेला चारा त्यांना कधी मिळाला नव्हता."

मनीषाताई चपला घालायला लागल्या. उद्या साठ माणसं येणार होती आणि आवळ्यापर्यंत पोहोचायला रस्ता नव्हता. भय्यासाहेब म्हणाले, इथेच बसवा सगळ्यांना, जागा तर तयार आहे. वसुधानं मान हलवली. "बाबांच्या आवळ्याखाली म्हणून बोलावलं आहे, भय्या," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती रागावली असती तर मला चाललं असतं. चौतीस वर्षांत साहेबांचा राग मी किती झेलला. पण हे न बघणं मला झेपेना. मी टोपी काढून हातात धरली.

"वसुधा," मी म्हणालो, "तू सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"नंतर बोलू," ती म्हणाली आणि फोन काढला.

अर्ध्या तासात इंदिरा चौदा बाया घेऊन आली. प्रत्येकीच्या हातात विळा. व्यवहार दोन वाक्यांत झाला. कापलेलं सगळं गवत बायांचं, आणि उद्या त्या सगळ्या जेवायला इथेच. इंदिरानं गवताची भिंत बघितली, माझी लाल मशीन बघितली आणि पदर खोचला. मशीनबद्दल ती काही बोलली नाही. मला वाटतं तिनं दया केली.

"सगळे चार एकर आज होतील का?" मी वसुधाला हळूच विचारलं.

"साठ माणसांना जेवायला चार एकर लागतात?" ती म्हणाली. "फाटकापासून रस्ता अन् झाडाभोवती जागा. बस."

ही गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नव्हती. एकोणीस वर्षं खरेदी शाखेत, आणि किती हवं आहे हे विचारायचंच राहिलं होतं.

वसुधानंही विळा घेतला. साठीच्या शाळामास्तरीण बाईला मी पहिल्यांदा असं गवत कापताना पाहिलं. ती वडिलांसोबत इथेच शिकली होती, हेही मला त्या दिवशी कळलं. मी भारे उचलून तुळशीरामच्या बैलगाडीत टाकत होतो. तीन वाजता गवताच्या आतून आवळा पूर्ण बाहेर आला, बुंध्यापासून, फळांनी लदलेला. सगळ्या बाया थांबल्या. वसुधानं बुंध्यावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. मग ती माझ्याकडे वळली, बरोबर माझ्याकडे बघून म्हणाली, "आता फिरवा तुमची मशीन. खुंट राहिले आहेत, ते पायाला टोचतील."

खुंट बरोबर गुडघ्याच्या खाली होते. मी झाडाभोवती गोल गोल फिरलो, एक फिका पट्टा, एक गडद. चौदा बाया सावलीत बसून बघत होत्या. भय्यासाहेबांनी खुर्ची आणवली. मी शपथेवर सांगतो, माझी छाती दोन इंच फुगली होती, आणि त्यातला दीड इंच बायकोसाठी होता.

नवमीला साठाचे पंच्याऐंशी झाले. फाटकापासून आवळा लांब, आणि मंडळातल्या निम्म्या बायांचे गुडघे दुखणारे. मग भय्यासाहेबांनी चाऱ्याची छोटी ट्रॉली काढली, तिच्यात गादी टाकली आणि मोवरच्या मागे बांधून दिली. पाती बंद, गाडी सुरू. मी अकरा फेऱ्या केल्या. लोकांनी माझे फोटो काढले.

शेवटच्या फेरीत भानुमती मावशी होत्या. मंडळातल्या सर्वात वयस्कर, चौऱ्याऐंशीच्या, जबलपूरच्या सराफा मोहल्ल्यातून आलेल्या. मला त्या ओळखत नव्हत्या. मी त्यांना इतक्या हळू आणलं की मांडीवरच्या वाटीतला तुपाचा थेंब सांडला नाही. हात धरून उतरवलं, आवळ्याखाली पाटावर बसवलं. वसुधा नमस्काराला आली.

"पोरी, तुझा ड्रायव्हर मोठा चांगला आहे बरं," मावशी म्हणाल्या. "एक धक्का नाही लागू दिला. सकाळपासून राबून राहिला बिचारा. त्याला आधी वाढ."

मी वसुधाकडे पाहिलं. ती खुलासा करेल असं मला वाटलं.

"वाढते, मावशी," ती म्हणाली. "पस्तीस वर्षांपासून त्यालाच आधी वाढून राहिले."

"इतका जुना आहे?" मावशींनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. "मग सांभाळ हो त्याला. अशी माणसं कोणी ना कोणी पळवून नेतं."

"नाही नेत, मावशी," वसुधा माझ्या पानात भात वाढत म्हणाली. "सगळ्यांना विचारून झालं आहे."