आईचा उजवा हात

मधुसूदनचं डोकं सकाळपासून तापलं होतं, आणि त्यात नागपूरच्या मे महिन्याचा काही दोष नव्हता. दुपारी मालक भैयाजी घरी येणार होते आणि नीलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, आत्ताच राखेने भांडी घासली होती.

मधुसूदन सक्करदऱ्याजवळच्या एका साबण कारखान्यात केमिस्ट होता. निवडुंग वाळवंटात हिरवागार राहतो, तर त्याचा गर माणसाची कातडीही ओलसर ठेवेल, या विचाराने त्याला पछाडलं होतं. भैयाजींनी बजावलं होतं, "मलम कामाचं निघालं तं ठीक, नाही तं पुन्हा साबणाच्या कढईवर उभा राह्य." म्हणून आठवडाभर नीलाच्या आणि आईच्या डाव्या हाताला निवडुंगाचं मलम आणि उजवा हात कोरा. दोन हातांतला फरक हाच पुरावा.

"राखेत दोन्ही हात घातले? सत्यानाश केला तू!"

"मंग भांडे तुम्ही घासा! आठ दिवस झाले, एका हातानं कणीक मळून राहिली मी!" नीला त्याच्या दुप्पट ओरडली.

आता सगळी भिस्त आईवर, प्रयागबाईंवर. भैयाजी घाम पुसत, वैतागत आले. त्यांनी प्रयागबाईंच्या डाव्या हातावर हलकेच नख ओढलं. कोरड्या कातडीवर पांढरी रेघ उठते, इथे उठली नाही. मधुसूदनची छाती फुगली. मग भैयाजींनी उजव्या हातावर नख ओढलं. तिथेही रेघ नाही, उलट हात लोण्यासारखा मऊ.

"काहून गा," भैयाजी भडकले, "तुह्या मलमापेक्षा काहीच न लावलेला हात चांगला? कढई वाट पाहून राहिली तुही!"

"आई!" मधुसूदन किंचाळला. "या हाताले काय लावलं वं?"

"जवसाचं तेल," प्रयागबाई शांतपणे म्हणाल्या.

"कोरा ठेवायचा होता न तो!"

"ओरडू नको. एका हाताचे लाड करा अन् दुसऱ्याले उपाशी ठेवा? दोन्ही हात माह्येच न गा? माह्या मनाले नाही पटलं."

मधुसूदनला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. रागाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून भैयाजी जरा नरमले.

"बरं, आणखी एक आठवडा देतो. पण आता मी स्वतः पाहतो. लाव माह्या हाताले."

मधुसूदनने जीव ओतून त्यांच्या डाव्या हाताला मलम चोळलं आणि डबी बंद केली. भैयाजींनी दुसरी बाही वर सारली.

"याले नाही लावायचं, भैयाजी. हा कोरा ठेवा."

"काहून?" भैयाजी पुन्हा तापले. "यानं काय घोडं मारलं तुहं? लाव मुकाट्यानं!"

"पाह्य," प्रयागबाई मागून ओरडल्या, "मालकालेही समजते!"