लिफ्टकाका क्रियापद चालवतात

"भाषा म्हणजे काय हो, एक लिफ्टच! बटण दाबलं की चालली पाहिजे!" लिफ्टकाकांनी छातीठोकपणे सांगितलं, आणि काकूंनी कपाळाला हात लावला.

काकांचा अख्खा जन्म लिफ्टी दुरुस्त करण्यात गेलेला. अडकलेल्याला बाहेर काढणं हा त्यांचा धंदा, आणि आता अडकलं होतं लेकीचं लग्न! मुलगा परभाषेतला, गुणी, हसरा, मराठी फाडफाड बोलणारा. घोडं पेंड खात होतं त्याच्या आईपाशी. बाईंना या एकुलत्या एका मुलाशिवाय दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, "ज्या घरात माझ्याशी दोन शब्द बोलणारं कुणी नाही, त्या घरात मी माझा मुलगा देणार नाही."

"कुणी नाही म्हणजे? मी काय मेलोय?" काका गरजले आणि बाईंची भाषा शिकायला बसले.

शिकले कसे? शाळेत पाढे शिकले तसे! आपलं मराठी क्रियापद समोर बाई आहे की बुवा ते आधी बघून घेतं. त्या भाषेत ती भानगड नाही; 'तो' आणि 'ती' दोघांनाही एकच शब्द. पण मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते, प्रत्येकाचं शेपूट वेगळं. काका लिफ्टच्या टपावर बसून, हातात पाना घेऊन, ही शेपटं घोकायचे. खाली उभे असलेले लोक म्हणायचे, काका हल्ली कसला तरी जप करतात.

"पण मधलंच एखादं विचारलं तर?" काकूंनी एकदा परीक्षाच घेतली. "नुसतं 'ते येतात' म्हणून दाखवा बरं."

काकांनी डोळे मिटले. "मी येतो, तू येतेस, तो येतो, आम्ही येतो, तुम्ही येता... हां! ते येतात!"

"अहो, ही तर प्रत्येक मजल्यावर थांबणारी लिफ्ट झाली!"

"थांबते, पण पोचते ना?"

"त्यापेक्षा आपल्या बिल्डिंगची लिफ्ट बघा. कधीची कुरकुरतेय."

"घरची लिफ्ट कुठे पळून चाललीय!" काका म्हणाले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शेवटी ती संध्याकाळ आली. होकार की नकार, ते आज जेवून उठताना बाई सांगणार होत्या. लेकीने बापाला कोपऱ्यात घेतलं. "बाबा, तुमच्या पाया पडते. बोलायचं काम आम्ही करतो. तुम्ही फक्त हसा."

"मी आलो!" मुलाबरोबर आलेल्या बाई दारातूनच मराठीत म्हणाल्या. मुलाकडून उचललेलं मराठी, त्यामुळे बोलणंही मुलासारखं. "मी बसलो!" असं म्हणत त्यांनी खुर्चीत बैठक मारली, आणि खुर्ची कण्हली. बाई चांगल्या उंच, धिप्पाड होत्या. चेहरा मात्र परीक्षकाचा! काका गाल दुखेपर्यंत हसले. सगळं कसं छान चाललं होतं.

तेवढ्यात आठवलं की आईस्क्रीम आणायचं राहिलं! "पाच मिनिटांत येतो," म्हणत लेक आणि मुलगा खाली निघाले. म्हणजे दोन्ही दुभाषे एकदम गेले! लिफ्टचं दार लागलं. घर्रर्र... खट्! आणि मग तिची घंटा कोकलायला लागली.

"बाबाऽ! अडकलो!" लेकीचा आवाज आला. पाठोपाठ मुलगाही ओरडला.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. काकू त्यांना काही सांगायला पुढे झाल्या, तर काकांनी हात आडवा घातला. "तू मध्ये बोलू नकोस! त्यांच्याच भाषेत सांगितलं पाहिजे." सांगायचं होतं एवढंच, की ते येतात. आता हे रूप बसलेलं अगदी तळमजल्यावर!

"मी येतो," काकांनी बाईंच्या भाषेत सुरुवात केली. बाईंना जरा धीर आला.

"तू येतेस." बाईंनी घाईघाईने पायात चपला सरकवल्या.

"ती येते." बाईंनी काकूंचा दंड धरला.

"आम्ही येतो!" तिघंही जिन्यात.

"तुम्ही येता!" समोरच्या दारातून शेजारचे मास्तर डोकावत होते, दुखऱ्या कंबरेला पट्टा बांधून. बाईंनी त्यांनाही बाहेर ओढलं.

"ते येतात!" काका धापा टाकत म्हणाले. आणखी कोण यायचं राहिलंय म्हणून बाई मागे वळून बघू लागल्या.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळत होती. काकांना वाटलं, ती पडत नाही एवढं तरी सांगावं. पण त्या भाषेत आधी 'पडते' पूर्ण म्हणायचं, आणि 'नाही' त्याच्या मागून जोडायचं. "मी पडतो," काका म्हणाले. बाईंनी कठडा धरला. "तू पडतेस." बाईंचे डोळे विस्फारले. "ती पडते..." आणि 'नाही' तोंडातून निघायच्या आत बाईंनी अशी किंकाळी फोडली की मास्तरांचा पट्टा सुटला!

"काका, आईला काय सांगितलंत?" लिफ्टमधून मुलगा ओरडला.

"बाबा! पुन्हा क्रियापद चालवलंत ना? संपलं माझं लग्न!" लेक आता खरंच रडत होती. ते रडणं ऐकताच काकांनी गच्चीचा जिना धरला. बोलणं राहू दे, आधी पोरं बाहेर काढू.

गच्चीवर मशीनची खोली होती. तिथे आधी वीज बंद करायची, मग एकाने दांडा दाबून ब्रेक मोकळा धरायचा आणि दुसऱ्याने मोठं चाक फिरवायचं, म्हणजे लिफ्ट हळूहळू वर सरकते. काकूंनी खाली थांबून, लिफ्ट दाराशी आली की हाक द्यायची. मास्तर कंबर धरून बसलेले. राहिल्या बाई! काकांनी खुणेने त्यांना दांडा दाबायला लावला. बाईंनी तो असा धरला की जणू मुलाचाच हात. काका चाकाला भिडले.

"आली! आलीऽ!" जिन्यातून काकूंचा आवाज आला.

आता बाईंनी दांडा सोडायचा, की ब्रेक लागतो. पण बाई कसल्या सोडतात! आणि ब्रेक नाही म्हटल्यावर दोराच्या दुसऱ्या टोकाला टांगलेल्या वजनाने चाक आपोआप पुढे निघालं. काकांनी ते छातीशी कवटाळलं. हात घामाने निसटायला लागले. 'तू सोड' एवढंच म्हणायचं होतं हो!

"मी सोडतो..." काका कण्हले.

हा माणूस चाक सोडतोय! बाईंनी घाबरून दांडा आणखीच आवळला.

"मी... सोडतो..." काका पुन्हा पहिल्यापासून! दुसरं रूप काही केल्या तोंडात येईना. बोटं सुटत चालली. डोळ्यांपुढे लेक उभी राहिली, आणि काकांच्या तोंडून शुद्ध मराठीत आरोळी निघाली, "अहो बाईऽ, सोडाऽऽ!"

"सोडलो!" बाई म्हणाल्या. खाट्कन ब्रेक लागला.

खाली दार उघडलं. पोरं धडधाकट बाहेर आली. बाईंनी मुलाला आणि लेकीला एकाच मिठीत घेतलं आणि आपल्या भाषेत बराच वेळ काहीतरी बोलल्या. काका जिन्यातच उभे राहिले, मान खाली घालून.

"आई म्हणतेय, लग्नाला होकार," मुलगा म्हणाला.

"काय सांगतोस!" काकांची कळी खुलली. "म्हणजे माझ्या भाषेमुळे..."

"फक्त एक अट आहे, काका. तुम्ही तिच्याशी मराठीतच बोलायचं. तिला मराठी सगळं कळतं, बोलायलाच तेवढी अडखळते. तुम्ही इतक्या हौसेने शिकत होतात, म्हणून मी काही बोललो नाही."

काकूंनी नवऱ्याकडे असं बघितलं की काकांनी नजर फिरवली. पण आनंदच एवढा झाला होता की बाईंना त्यांच्या भाषेत 'आम्हाला मान्य' म्हटल्याशिवाय काकांना राहवेना. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

"मी मानतो, तू मानतेस, तो मानतो..."

डोळे उघडले तेव्हा जिन्यात कुणीही नव्हतं. आतून ताटं मांडल्याचा आवाज येत होता आणि त्यावर बाईंचा खणखणीत आवाज, "मी जेवतो!"