दोघांपुरता डबा

महिपतच्या लग्नाला सहा वर्षं झालेली. या सहा वर्षांत बायकोशी एकांतात बोलायला मिळालेला सगळ्यात मोठा वेळ म्हणजे दवाखान्याच्या बाकड्यावरचा पाऊण तास. तोही शीलाला सडकून ताप भरलेला म्हणून.

विठ्ठलवाडीच्या बैठ्या चाळीत दोन खोल्या. बाहेर वडील अण्णा आणि त्यांचा रेडिओ, आत आई, बहीण जया आणि पडद्याच्या पलीकडे हे दोघं. पडदा आईच्या जुन्या लुगड्याचा, त्यामुळे पडद्याकडे तोंड केलं तरी आईसमोरच बसल्यासारखं वाटायचं. दिवसा दार लावायची पद्धत चाळीत नव्हतीच, रात्रीही अण्णा ते नुसतं लोटून दाराशी झोपायचे. कुणी लावलं, तर शेजारची मालनवहिनी हातातलं काम टाकून विचारायला यायची, "काय गं, कोण आजारी आहे?"

महिपत वागळे इस्टेटमध्ये फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगला होता. एकदा परदेशी मशिनच्या खोक्यातून एका इंग्रजी मासिकाचं पान निघालं. त्यावर चित्र होतं: छोट्या मोटारीच्या मागे जोडलेला पांढरा, अंड्यासारखा डबा. डब्यात गादी, डब्यासमोर दोन खुर्च्या आणि खुर्च्यांवर चहा पीत बसलेलं गोरं जोडपं. महिपत त्या डब्याकडे कमी आणि जोडप्याच्या आजूबाजूला जास्त बघत होता. आजूबाजूला कोणीच नव्हतं. खाली बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं, त्यातले दोन शब्द त्याला कळले. फोम आणि फायबरग्लास.

संध्याकाळी नळावर, हंडा भरता भरता, त्याने शीलाला पान दाखवलं.

"हलकाफूल होतो म्हणे. आपल्या स्कूटरमागे जोडायचा. माळशेज घाटात जायचं. दोन दिवस. फक्त दोघं."

शीलाने चित्र नीट बघितलं. "छान आहे हो. पण आईंना काय सांगाल?"

"सांगू की, फिरायला गाडी करतोय."

"दोघांपुरती, असं सांगाल?"

महिपतने हंडा उचलला. त्या घरात दोघांपुरतं असं काही नव्हतंच. आमटीसुद्धा पाचजणांची आणि एक आगंतुक धरून व्हायची.

फोमचा प्रश्न गणपतीने सोडवला. विसर्जन झाल्यावर मंडळाचं थर्माकोलचं मखर मागच्या गल्लीत पडलेलं. चांगला राजवाडा होता, खांब, कमानी, मोर. कारखान्यात महिपत रोज टाक्या थर्माकोलमध्येच बांधायचा, तेव्हा फोम म्हणजे हेच, याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याने राजवाडा हातगाडीवर घालून अंगणात आणला.

"देवाच्या मखरात झोपणार तू?" आई म्हणाली.

"अगं आई, देव गेला ना गावाला."

"मग मागे राहिलेल्या जागेत घुसायचं होय रे? पागडीची खोली आहे ती?"

रविवारी महिपतने कारखान्यातून मागून आणलेलं टाक्यांचं उरलंसुरलं चिकट रेझिन बादलीत कालवलं, पहिल्या भिंतीवर काचेच्या धाग्यांची मॅट अंथरली आणि ब्रश फिरवला. अख्खी चाळ बघायला उभी होती. दोन मिनिटं झकास गेली. मग भिंत बसायला लागली. बुढ्ढी के बाल जिभेवर ठेवल्यावर जातात तशी ती गेली. कमान गेली, एक मोर मानेपर्यंत गेला. शेवटी जमिनीवर मॅटची ओली गोधडी तेवढी उरली.

अण्णांनी चष्मा वर केला. "महिपत, भिंत कुठाय रे?"

"आहे. म्हणजे, होती."

"हलकी होणार म्हणालास, ते खरं केलंस बाबा."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मोल्डिंगची पोरं पोट धरून हसली. "अबे, रेझिन थर्माकोल खातं! आठ वर्षं पॅकिंगला आहेस ना तू?" आहे, हे खरंच होतं. रेझिन मोल्डिंगमध्ये, थर्माकोल पॅकिंगमध्ये. आठ वर्षांत दोघांची गाठ पडलेली नव्हती, ती महिपतने घालून दिली. "मधे काहीतरी लेप दे," पोरांनी सांगितलं. काय लेप, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं आईला. "सुपाला काय लावतो आपण? कागद भिजवायचा, मेथी भिजवायची, वाटायचं आणि लिंपायचं. माझ्या माहेरचं सूप वीस वर्षं टिकलं. तुझं ते रेझीम काय करतंय बघते मी."

तिने चाळीतली सगळी रद्दी भिजत घातली आणि चार दिवस पाट्यावर मेथी वाटली. घराला कडू वास सुटला. डब्याच्या उरलेल्या भिंती आईने स्वतःच्या हाताने लिंपल्या, वाळवल्या, टिचकी मारून बघितल्या. महिपतने भीत भीत वरून रेझिन लावलं. भिंत जागची हलली नाही.

तो आनंदाने ओरडणार, तेवढ्यात आई पदराला हात पुसत म्हणाली, "मला खिडकीजवळची जागा दे हो. गाडी लागते मला."

महिपतने शीलाकडे बघितलं. तिने काहीतरी बोलून वाचवावं, एवढीच अपेक्षा होती.

"आईंना जागा हवीच," शीला म्हणाली. "त्यांच्यामुळे तर उभा राहिला डबा."

डबा सहा फुटांचा होता, तो आठ फुटांचा झाला. मग अण्णांनी तीन रविवार खालच्या चाकांच्या सांगाड्याचे पत्रे धरून ठेवले आणि चौथ्या रविवारी स्वतःच्या रेडिओसाठी फळी ठोकून घेतली. जयाने पडदे शिवले. "माझे पडदे आणि मीच घरी? हे बरंय!" शीला प्रत्येक वेळी म्हणायची, "घ्या हो त्यांनाही." डबा अकरा फुटांवर गेला.

पडद्याआड महिपत कुजबुजला, "तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"अहो, हळू. आई जाग्या आहेत."

पलीकडून आई म्हणाली, "मी झोपलेय. बोला तुम्ही."

अकरा फुटांचा डबा स्कूटर ओढणार नव्हती. म्हणून राघो आला. राघो महिपतचा वर्गमित्र, मुरबाड रस्त्यावर जीप चालवायचा. आठजणांच्या जागेत सतराजण बसवायची त्याला सवय होती. त्याने एका हाताने डबा उचलून बघितला.

"भाई, ये गाडी है की पतंग? आत माणसं झोपू देत, पण चालत्या गाडीत कोणी बसायचं नाही. सगळे माझ्या जीपमध्ये."

महिपतने दाराला उरलेली मोराची कमान लावली होती. तिचा भलताच परिणाम झाला. जाणारे-येणारे चपला काढून हात जोडायला लागले. एका बाईने डब्यासमोर नारळ फोडला आणि प्रसाद मालनवहिनीला दिला. आई म्हणाली, "बघ, देव आहे अजून."

निघायच्या शुक्रवारी सकाळी जीप दारात. महिपतने नवा शर्ट घातलेला. दोघांपुरतं नाही तर नाही, निदान घाटात दोन खुर्च्या जरा लांब टाकता येतील, असा त्याने मनाशी हिशोब केलेला. एवढ्यात रिक्षातून रंगूबाई उतरली. ही अण्णांची धाकटी बहीण, आंबिवलीला राहायची. हातात वळकटी, काखेत चिवड्याचा डबा.

"आत्या, तू कशी?" महिपतने विचारलं.

"पत्र आलं ना मला. 'वहिनी एकट्या पडतील, या' म्हणून. एवढं प्रेमाने कोण बोलावतं आजकाल!"

महिपतने अण्णांकडे जळजळीत बघितलं. अण्णा बहिणीला बघून इतके खूश होते की त्यांनी रेडिओ बंद केला.

तेवढ्यात शीला चिंतेने म्हणाली, "आई, गॅसचा नंबर लागलाय. आज-उद्या कधीही सिलिंडर येईल. आणि चारला पाणी."

सगळे थांबले. परत गेलेलं सिलिंडर पुन्हा कधी येईल ते देवालाही सांगता येत नसे.

"मग घरी कोणीतरी हवंच," आई म्हणाली. तिने आत्याकडे बघितलं. आत्या एव्हाना जीपमध्ये चढून पाय पसरून बसली होती. जया खिडकीशी. अण्णा पुढे, राघोशेजारी. मग आईची नजर महिपतवर येऊन थांबली.

"अगं आई, गाडी मी बनवली!"

"म्हणून तर भरवसा आहे तिच्यावर. तुमचं काय, तरुण आहात, उभं आयुष्य आहे फिरायला. आमचे दिवस भरत आले."

"शंभर वर्षं जगशील तू!"

"मग शंभर भरायच्या आत एकदा जाऊ दे की मला."

राघोने जीप सुरू केली. पांढरा डबा, मोराच्या कमानीसकट, नाचत नाचत कल्याणच्या दिशेने गेला. रस्त्यावरच्या दोन माणसांनी त्याला नमस्कारही केला.

महिपत ओट्यावर बसला. वर्षभर मेथीच्या वासात घालवलेले रविवार त्याला एकेक आठवत होते. "माझा डबा," तो म्हणाला. "माझं माळशेज. आणि मी इथे सिलिंडरची वाट बघत बसलोय."

"नका बघू," शीला आतून म्हणाली. "कालच आलंय ते. पाण्याच्या पिंपामागे आहे, पोत्याखाली."

महिपत उठून आत आला. पोतं उचललं. खाली भरलेलं सिलिंडर होतं.

"आणि आत्याला पत्र?"

"आत्याबाई नसत्या ना, तर अण्णा संध्याकाळीच परत फिरले असते. बहीण असली की गप्पा संपत नाहीत त्यांच्या. आता रविवारपर्यंत नाही येत कोणी." ती भांडी आवरत शांतपणे बोलत होती. "अहो, दोघांनाच घराबाहेर काढायला तुम्ही अख्खं वर्ष घालवलंत. मी म्हटलं, बाकीच्यांना बाहेर काढणं सोपं."

महिपतने सभोवार नजर फिरवली. दोन खोल्या एवढ्या मोठ्या असतात, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं. आणि केवढी शांतता! पिंपाच्या तोटीतून एक थेंब पडला, तोही ऐकू आला.

"दार लावता का?" शीलाने विचारलं.

त्याने दार लोटलं आणि कडीला हात घातला. कडी हलेना. सहा वर्षांत ती कोणी लावलेलीच नव्हती. गंज चढलेला आणि त्यावर दर दिवाळीला अण्णांनी हौसेने मारलेला रंग. महिपतने जोर लावला, लाथ मारली, शेवटी डब्यासाठी आणलेला हातोडा घेऊन ठोकायला सुरुवात केली. तिसऱ्या ठोक्याला कडी जरा सरकली.

चौथ्या ठोक्याला दाराच्या फटीतून मालनवहिनीचा आवाज आला, "अगं शीला, दार का लावताय? कोण आजारी आहे?"

महिपतचा हातोडा हवेतच राहिला. शीलाने फटीला तोंड लावलं.

"हे आजारी आहेत, वहिनी," ती म्हणाली. "रविवारपर्यंत. लागण होणारं आहे."