आधी रंग, मग नाव

आमच्या शेजारचे रंगनाथ भाऊजी भाजी विकत घेत नाहीत, तिची तपासणी करतात. केडगावच्या बाजारात एकदा त्यांनी वांगं उचललं, उन्हात धरलं आणि मला म्हणाले, "वहिनी, काय दिसतंय?"

"वांगं."

"नापास! नाव नंतर. आधी रंग, मग आकार, मग सावली कुठं पडलीय ते."

भाजीवाली वैतागली. "बाबा, घ्यायचं तर घ्या, न्हाईतर खाली ठिवा. सावली मी इकत न्हाई."

हे खूळ मोबाईलमधून आलं. चंद्राला वळसा घालून आलेल्या माणसांचं त्यात काहीतरी दाखवत होते. त्यांना म्हणे आधी ओसाड, खडकाळ मुलखात नेतात आणि डोळ्यांना दिसेल ते बोलून सांगायला शिकवतात. फोटो यंत्रं काढतातच, पण रंगातला बारीक फरक माणसाच्या डोळ्याला जास्त कळतो. चंद्र बघताना यानातले दिवे मालवतात, काचेत उजेड नको म्हणून. झालं! भाऊजी त्यांच्या गच्चीला लागून असलेल्या आमच्या गच्चीवरचा दिवा न विचारता मालवायला लागले. मी जिन्यात पडले, गुडघा सुजला.

"ट्रेनिंगमधी लागतंच, वहिनी," म्हणाले. जन्मभर एसटी चालवलेला माणूस!

पण खरं कारण होतं त्यांची बायको, सुमन. शुगरनं तिचे डोळे गेले, पण संकष्टीचा उपास काही गेला नाही. चंद्र बघितल्याशिवाय ती घास घेत नसे. डोळे गेल्यावर भाऊजी गच्चीवर जायचे, "दिसला" म्हणायचे, मग ती जेवायची. एका चतुर्थीला ते कंटाळले. कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ बघितली आणि खुर्चीतूनच ओरडले, "दिसला, जेव!" तेवढ्यात पत्र्यावर पाऊस वाजायला लागला.

सुमननं ताट सरकवलं. सकाळी ती चक्कर येऊन पडली, दवाखान्यात न्यावी लागली.

मी तिला सरळ सांगितलं, "मरशील. सोड तो उपास."

"उपास सोडीन की, चंद्र बघून. पण ह्यांच्या शब्दावर न्हाई."

म्हणून ते वांगं.

पुढच्या संकष्टीपासून त्यांच्या गच्चीवर खाट आली. सुमन बसायची, भाऊजी उगवतीकडं तोंड करून उभे. "रंग काकवीचा. खालची कड गोल. वरून कुणी चिरल्यासारखा. चिरल्याली कड सरळ न्हाई, जरा फुगीर हाय. आता पिवळा व्हायलाय. मधी डाग हायेत, सांडलेल्या चहासारखे." ढग असले तर ढग सांगायचे, खोटं नाही. मग थांबायचं. सुमन ऐकत राहायची आणि समाधान झालं की म्हणायची, "हां. आता दिसला." तेव्हा ताट यायचं. कधी नुसतंच म्हणायची, "पुढं सांगा." तिच्यासारखी कडक परीक्षा कुठल्या यानवाल्यांची झाली नसेल.

उन्हाळ्यात सुमन गेली. शुगरनंच.

आता संकष्टी भाऊजी धरतात. रिकाम्या खाटेशेजारी उभं राहून मोठ्यानं सांगतात, थांबतात. कुणी काही म्हणत नाही, म्हणून उपाशीच झोपतात. मागच्या चतुर्थीला त्यांची हाडं वर आलेली बघून मी आमच्या गच्चीवरून ओरडले, "कुणाला सांगताय? आहे का कोणी तिथं?"

"वहिनी, ते यानवाले चंद्राच्या मागं गेले की त्यांचापण आवाज खाली पोचत न्हाई. तरी ते बघून बोलत राहत्यात."

"ते परत येतात."

भाऊजी मग पुन्हा चंद्राकडं वळले. "रंग काकवीचा," म्हणाले आणि पुढचं त्यांना सांगता येईना.

मी खाली गेले, ताट वाढलं. वर येऊन आमच्या गच्चीवरचा दिवा माझ्या हातानं मालवला आणि ताट मधल्या कठड्यावर ठेवलं.

"वरून चिरलाय," मी म्हणाले. "डाग चहाचे. दिसला. आता जेवा."