तांडेलाची दुसरी कॅसेट

रत्नागिरीत गुन्हे होत नाहीत याचं कारण आपण आहोत, असं रावजी मयेकरांचं प्रामाणिक मत होतं. कचेरीतून निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी दारावर ‘रा. बा. मयेकर, खासगी तपास’ अशी पाटी लावली, आणि नंतरच्या तीन वर्षांत एकही गुन्हेगार त्यांच्या वाटेला गेला नाही. याला ते धाक म्हणत. त्यांच्या पत्नी, सगुणाबाई, याला वेगळं काही म्हणत. रावजींची नजर तीक्ष्ण होती, चष्मा सापडला तर. स्मरणशक्ती अफाट होती, वहीत लिहून ठेवलं तर. आणि माणसाकडे एकदा पाहिलं की त्याची सगळी माहिती सांगायची विद्या तर उपजतच होती.

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात शेजारचा जमाल घाबराघुबरा दारात आला, तेव्हा त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

“बोलू नकोस. तू आखातातून आलायस. कुवेत. महिनाही झाला नाही.”

“काका, स्टँडवर मला घ्यायला तुम्हीच आला होतात.”

“म्हणजे साक्षीदारही आहे,” रावजींनी वहीत लिहिलं.

जमालची हकीकत अशी होती. त्याचे वडील तांडेल. चाळीस वर्षं त्यांनी होडी चालवली. गेल्या साली अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी मासळी हमखास लागते अशा अठरा जागा रजेवर आलेल्या जमालला एकेक करून सांगितल्या. जमालनं त्या कुवेतहून आणलेल्या संगणकात टाइप केल्या. संगणक म्हणजे टीव्हीला जोडायचा एक काळा, बटणांचा डबा. वीज गेली की त्याला काही म्हणता काही आठवत नसे. म्हणून टेपरेकॉर्डर लावून सगळं साध्या कॅसेटवर उतरवून ठेवावं लागे. पावसाळ्यात तांडेल गेले. होडी आता जमालचा चुलतभाऊ वजीर चालवत होता आणि बहुतेक रिकामी परत आणत होता. त्याला त्या जागा कागदावर उतरवून द्यायच्या म्हणून काल जमालनं कॅसेट लावली, तर टेपरेकॉर्डरनं ती खाल्ली.

रावजींनी लिहिलं : ‘खाणारा – टेपरेकॉर्डर. हेतू – भूक.’

“पण मी बॅकअप केला होता ना,” जमाल म्हणाला. “दुसरी कॅसेट. आठ दिवसांपूर्वीच केली. ती घरातून गायब आहे. शुक्रवारी मी निघालो की दोन वर्षं येणार नाही, काका. अब्बांचं तेवढंच राहिलंय.”

शुक्रवारला तीन दिवस होते. रावजी उठले. सगुणाबाई पायात चपला घालून आधीच दारात उभ्या होत्या.

“तू कशाला?”

“तुम्ही काय शोधताय ते शोधायला कुणीतरी पाहिजे.”

घटनास्थळी रावजींनी भिंग काढून टेपरेकॉर्डरची पाहणी केली. नंतर, ही कॅसेट ऐकायला कशी लागते असं विचारलं. जमालनं तसलीच एक खेळाची कॅसेट लावली. खोलीभर कर्कश्श किंचाळी भरली, मग कुणीतरी पत्रा घासावा तसा लांबलचक खरखराट.

“बंद कर,” रावजी हळूच म्हणाले. “ही सांकेतिक भाषा आहे. चोरटा माल उतरवणारे हिच्यावरच होड्यांना इशारे देतात.”

“काका, हा मुंग्या मारायचा खेळ आहे.”

“असंच वाटायला पाहिजे.”

हा सिद्धांत संध्याकाळपर्यंत टिकला. संध्याकाळी रावजींना वाटेत एकही चोरटा भेटला नाही, तेव्हा त्यांनी तो उदार मनानं सोडून दिला आणि धक्क्यावर वजीरला गाठलं.

“तुला त्या जागा हव्या होत्या की नाही?”

“हव्या म्हणजे काय, हव्याच,” वजीर जाळं झाडत म्हणाला. “बारा वर्षं चाचांबरोबर दर्यावर होतो. चांगली जागा आली की मला इंजिनाकडे बघायला पाठवायचे.”

“म्हणजे हेतू कबूल. मग कॅसेट तूच घेतलीस.”

“घेऊन काय करू, रावजीकाका? माझ्याकडे टीव्ही नाही, टेप नाही. मला माणसानं तोंडानं सांगायला पाहिजे.” त्यानं चार बांगडे पिशवीत घालून दिले. रावजींनी ते पुरावा म्हणून घेतले. सगुणाबाईंनी त्या पुराव्याचं सार केलं.

दुसऱ्या दिवशी रावजींनी कावळ्याचा सिद्धांत मांडला. कावळ्याला चकचकीत वस्तू आवडते, आणि कॅसेटची फीत चकचकीत असते. त्यासाठी ते माडावर चढायला निघाले होते. नारळ पाडायला आलेल्या गड्यानं त्यांना दोन हात उंचीवरून खाली उतरवून घेतलं. मग राहिली ती जमालची आई, कनीज. रावजींनी तिला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, “भाभी, तुम्ही घरात कुठं बॅकअप पाहिला?”

“नाही,” कनीज म्हणाली.

‘साक्षीदार विश्वासार्ह,’ रावजींनी लिहिलं.

गुरुवारी सकाळी जमालची बॅग बांधून झाली होती. तो पलंगाच्या कडेला बसला होता. रावजी त्याला सांगत होते की कॅसेट दमट हवेत विरघळली असण्याची दाट शक्यता आहे. कनीजनं चहा आणला, मुलाकडे न बघता त्याचा कप खाली ठेवला.

सगुणाबाईंनी हे पाहिलं. मग त्यांनी जमालला विचारलं, “कॅसेटवर नाव काय लिहिलं होतंस, रे?”

तीन दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं.

“अब्बांची नक्कल,” जमाल म्हणाला.

कनीजनं हातातली बशी खाली आपटली. “म्हणजे तूच केलीस?” आठ दिवसांत ती मुलाशी पहिल्यांदाच बोलत होती. “बाप जाऊन वरीस नाही झालं, नि बापाची नक्कल? ऐकली मी, घरात कुणी नसताना. काय ते किंचाळणं, काय ती घरघर. त्यांचा आवाज मोठा होता, तांडेल होते ते. पण असे बोलायचे?”

“अम्मी, नक्कल म्हणजे दुसरी प्रत.”

“मला वाचता येत नाही. यांनी वाचून दाखवलं, यांनीच सांगितलं.” कनीजनं बोट दाखवलं.

बोटासमोर रावजी होते. त्यांना सगळं आठवलं. तो चहा, टीव्हीवर ठेवलेली ती कॅसेट, आदल्याच दिवशी शाळेच्या मैदानात झालेला विविध आवाजांचा कार्यक्रम, आणि आपला प्रसन्न खुलासा : “नक्कल म्हणजे आवाज काढून टिंगल करायची, भाभी. हल्ली त्याला मिमिक्री म्हणतात.”

“अहो,” सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, “एकतीस वर्षं कचेरीत तुम्ही काय करत होतात?”

“सातबाराच्या नकला,” रावजी म्हणाले. “खाली ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून.”

“मग?”

“निवृत्त झाल्यावर कचेरी डोक्यात आणायची नाही, असं ठरवलं होतं.”

कनीज आत गेली. तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून तिनं कॅसेट काढली. “विहिरीत टाकणार होते,” ती म्हणाली. “पण वर त्यांचं नाव होतं ना.”

जमालनं पदरासारखी शर्टाची कड घेऊन तांदळाचं पीठ पुसलं आणि कॅसेट लावली. पाच मिनिटं किंचाळणं चाललं, टीव्हीच्या कडांना रंगीत पट्टे धावले. कुणी चहा प्यायलं नाही. मग पट्टे थांबले आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांतलं मराठी उमटलं. जमाल मोठ्यानं वाचू लागला. पहिली जागा. दुसरी. कुठला डोंगर कुठल्या माडांआड गेला की नांगर टाकायचा, कुठे जाळं फाटतं, कुठे बोलायचं नाही. कनीज मान हलवत होती. हे त्यांचंच बोलणं, हेही त्यांचंच.

“सातवी,” जमालनं वाचलं. “दीपस्तंभ उजव्या हाताला ठेवून...”

“ती खोटी,” कनीज म्हणाली.

जमालनं वळून पाहिलं.

“ती नि पुढच्या दोन. मला रात्री हसत सांगितलं त्यांनी. म्हणाले, मयेकर आजारपणाची चौकशी करायला येऊन बसलेत, वही काढून. त्यांच्यासमोर खरी जागा सांगितली तर उद्या बाजारात होईल.”

रावजींनी वही खिशात घातली.

जमालनं बटणांवर बोटं ठेवली. “तुला माहीत आहेत खऱ्या? सांग, अम्मी. आता टाइप करतो, आणि दोन कॅसेटी करतो.”

“सांगते. वजीरलापण बोलाव, त्याला तोंडानं सांगते.” कनीज जमालच्या शेजारी पलंगावर बसली, पदर सावरला आणि रावजींकडे पाहत थांबली.

“चला,” सगुणाबाई म्हणाल्या आणि रावजींच्या चपला त्यांच्यासमोर सरकवल्या.